नावामागचं शेपूट

"डॉट हेअर घ्यायचं म्हणजे घ्यायचं," सासऱ्यांनी बजावलं आणि जाळीत पुढचा केस ओवला.

लॅपटॉपवर जावयाचं बोट अधांतरी राहिलं. दुकानाच्या नव्या वेबसाइटचं नाव ठरलं होतं, पण नावामागच्या शेपटाशी सकाळपासून घोडं पेंड खात होतं. सासरे केसांचे टोप बनवत, तेही असे बेमालूम की घालणाराच आरशापुढे फसावा. माल जायचा बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडे. ते आपली चिठ्ठी चिकटवून तिप्पट भावाने विकत. राबायचं एकाने, मिरवायचं दुसऱ्याने. म्हणून सासऱ्यांना आता थेट गिऱ्हाईक हवं होतं, आणि आपण काय विकतो ते नावातच ठणकावून सांगायचं होतं. चोरीचा माल आहे का, हा त्यांचा सवाल.

जावयाला हवं होतं डॉट कॉम. साधं, गुळमुळीत, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं. खरं कारण त्याच्या डोक्यावर बसलं होतं. ऐन पंचविशीत टक्कल पडलेला हा गृहस्थ दूरच्या शहरातून गुपचूप टोप आणून नेमका टोपवाल्याचाच जावई झाला होता. गुपित ठाऊक फक्त बायकोला. आधीच्या सगळ्या स्थळांना नाकं मुरडणाऱ्या सासऱ्यांनी याला मात्र एका नजरेत होकार दिला होता. तेव्हापासून तो त्या घरात पंख्याखाली बसला नव्हता. सासरे तोंडाचे फटकळ. त्यांना कळलं, तर सगळ्या पाहुण्यारावळ्यांत आपल्या डोक्याचा तमाशा होणार, याची त्याला धास्ती.

तो आडून आडून मुद्दे मांडत राहिला. कॉम सगळ्यांच्या जिभेवर असतं. हेअर म्हटलं, तर लोक दाढी करायला येतील. सासरे एकेक मुद्दा खांद्यावरचा केस झटकावा तसा झटकत गेले. शेवटी जावयाचा तोल सुटला.

"बाबा, फोनवर हेअर दिसलं आणि शेजारच्याने वाचलं, की माणूस मेला. त्याला टोप नको असतो हो, कुणाला न कळणं हवं असतं. तुम्ही दारातच बोंब ठोकलीत, तर तो गल्लीतसुद्धा फिरकणार नाही."

बोलून गेल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला. हात नकळत कपाळावरच्या बटेकडे गेला, आणि अर्ध्यातूनच मागे फिरला.

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली.

"हे बोलणं गिऱ्हाईकाचं झालं," ते म्हणाले. "घ्या तुमचं डॉट कॉम."

जावयाने पैसे भरून टाकले, लॅपटॉप मिटला आणि गंगेत घोडं न्हालं म्हणत तो उठला. तोच सासऱ्यांनी त्याला खांदा धरून खाली बसवलं, आणि कानामागे सुटलेली कड अंगठ्याने दाबून जागच्या जागी बसवली.

"पहिल्यांदा घरात पाऊल टाकलंत, तेव्हाच माझ्या हातच्या गाठी ओळखल्या होत्या, जावईबापू. म्हटलं, पोरगा माल पारखून घेतो. मुलगी द्यायला हरकत नाही."