गालावरची तीट

"मॅडम, माझ्या नेटवर्कमध्ये चूकच नाहीये," रेश्मा म्हणाली, आणि अख्खी लॅब हसली.

"हिला दरवेळी कशी गं सापडत नाही?" मागून कुणीतरी टोमणा मारला. प्रॅक्टिकलला ती तिसऱ्यांदा बसली होती. या खेपेला राहिली तर वर्ष गेलं.

परीक्षा तशी साधी. स्क्रीनवरच्या नेटवर्कमध्ये मॅडमनी एक चूक लपवायची, मुलांनी ती शोधून दुरुस्त करायची. बाळाच्या गालाला तीट लावावी तशी एकच, बेतानं. काल ती पेरून झाल्यावर त्यांनी एआय एजंटला सांगितलं होतं, "याच्या तीस प्रती काढून ठेव."

"बाकीच्यांना सापडली की! नीट बघ."

"दोनदा बघितलं, मॅडम. इकडून हाक मारली की तिकडून ओ येतेय. चांगलं चाललेलं उगाच कशाला मोडू?" कीबोर्डवरचे हात तिनं मांडीवर घेतले होते.

मॅडमनी एजंटचा कालचा निरोप पुन्हा उघडला. 'तीस प्रती तयार,' इथवरच त्यांनी वाचलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: 'मूळ नेटवर्कमध्ये एक चूक आढळली. ती सर्व प्रतींत दुरुस्त केली आहे.'

तीसही गाल पुसून लख्ख. आणि एकोणतीस जणांनी नसलेली चूक शोधून आपापलं चालतं नेटवर्क बंद पाडलेलं.

"चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा उद्या पुन्हा होईल."

रेश्माचे डोळे भरून आले.

"तुझी नाही गं, वेडे. तू पास झालीस."