राखेने आखलेला ब्लॉक

गावात घर बांधण्याआधी गवंडी राखेने आखणी करतो, तशीच जगनने खळ्यावर चिंचवडच्या ब्लॉकची केली. त्याच्या कारखान्याजवळचा एका बेडरूमचा नवा ब्लॉक विक्रीला होता. उद्या इसार दिला नाही तर दुसऱ्याला जाणार होता. पण त्यासाठी विकायचं ते इथलं पालीतलं भाताचं खाचर आईच्या, सरूबाईच्या, नावावर होतं. सरूबाई राखेच्या हॉलमध्ये उभी राहिली. “पोरं हितं निजत्याल. म्या?” “पोरांसंगं.” “आन् तुजी भन रतन पहिल्या बाळंतपणाला आली म्हंजी?” “दवाखाने हायेत तिथं!” “दवाखान्यातनं लेक म्हायेरी न्हाई यायची?” जगनचा संयम सुटला. त्याने पायाने हॉलची भिंत पुसली, दोन हात पुढे नवी ओढली. “घे, मावली तुजी बाळंतीण!” सरूबाईने तिथे आडवं होऊन पाहिलं. “आता लावते अंगठा. तिथंबी एवढी सरकंल न्हवं भित?” “व्हय,” जगन म्हणाला आणि पायाची राख झटकत राहिला.