काठावरचा जामीन

"मुलांच्या अंगाला क्रीम अजिबात नको," एलिहिओ कानुल म्हणाला. "उन्हाचं नको, डासांचं नको. पाणी नासतं. वर नळाखाली अंघोळ, मग तरंगायचं जाकीट, मग जिना."

एर्लिंदा बाईंनी वहीत लिहून घेतलं. मेरिदा शहरातल्या एका शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. पुढच्या शुक्रवारी अकरा मुलांना घेऊन त्या याशकोपो गावच्या सेनोतेत, त्या जमिनीखालच्या डोहात, येणार होत्या. सहल नीट पार पडली तर वर्षभर दर शुक्रवारी एक वर्ग येणार होता. वर्ग आले तर गावसभा सेनोते एलिहिओच्याच ताब्यात ठेवणार होती. नाहीतर त्याचा मेहुणा पोर्फिरिओ टपलेलाच होता. त्याला तिथे घसरगुंडी आणि भोंगे बसवायचे होते.

"मुलांना खाली काय दिसेल?" बाईंनी विचारलं.

"चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. घाबरायचं नाही. दहा आकडे मोजायचे. मग पाणी हळूहळू निळं होत जातं आणि तळाशी एक दगड दिसतो, बसलेल्या टर्कीसारखा."

"झोपलेल्या," चुलीपाशी मक्याच्या भाकरी थापता थापता त्याची बायको फिदेन्सिया म्हणाली.

"झोपलेल्या टर्कीसारखा. अकराला छताच्या भोकातून ऊन सरळ आत पडतं. म्हणून साडेदहाला सगळे पाण्यात."

"आणि एखादं मूल घाबरलं तर?"

"ओढायचं नाही, ढकलायचं नाही. पायरीवर बसवायचं. पाय बुडवून बसू दे हवा तितका वेळ. पाय सरावले की बाकीचं अंग आपण होऊन मागे येतं. तीस वर्षांत मी एकालाही उचलून आत टाकलेलं नाही."

बाईंना हे फार आवडलं. वही मिटता मिटता त्यांनी शेवटचं विचारलं, "मुलांबरोबर पाण्यात कोण असेल?"

"ही माझी बायको."

"आणि तुम्ही?"

"मी काठावर."

बाईंनी वही पुन्हा उघडली. "काका, शाळेच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. परवाना असलेला गाईड मुलांबरोबर पाण्यात हवा. परवाना तुमच्या नावावर आहे."

एलिहिओने डोक्यावरची हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, उतरण्याआधी पाण्याच्या धन्यांकडे परवानगी मागावी लागते. मक्याची पेज ठेवायची आणि माया भाषेत मागायची. ज्याने मागितली तो सगळ्यांचा जामीन. शेवटचं माणूस वर येईपर्यंत त्याने काठ सोडायचा नाही."

"कधीच?"

"मनात कितीही असलं तरी," एलिहिओ म्हणाला आणि त्याने उसासा टाकला.

बाई चौकशीला थेट गावच्या भगताकडे गेल्या. डॉन इलारिओ दोरीच्या टांगत्या झोळीत पडून शेंगदाणे सोलत होते.

"शंभर टक्के खरं," ते म्हणाले. "आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. मधे लोक साफ विसरले होते. मीसुद्धा विसरलो होतो! एलिहिओने आठवण करून दिली म्हणून टिकला. आता आजूबाजूची चार गावंही पाळतात."

बाई परत आल्या त्या विचारातच. "बघते काय करता येतं ते," एवढंच म्हणाल्या आणि बसमध्ये बसल्या.

"बाई आल्याच नाहीत तर?" एलिहिओने विचारलं.

"तर घसरगुंडी," फिदेन्सिया म्हणाली. "खा आता."

शुक्रवारी साडेनवाला शाळेची बस आली. एलिहिओने अकराही मुलांना नळाखाली उभं केलं, प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. हासिंता नावाची एक मुलगी त्याच्या पाठीच लागली होती.

"आजोबा, पाण्यात मगर आहे?"

"नाही."

"साप?"

"नाही."

"मग आहे तरी काय?"

"आंधळे मासे. त्यांना तू दिसणार नाहीस. तेव्हा आत गेल्यावर आपलं नाव सांगायचं, नाहीतर त्यांना राग येतो."

हासिंता खूश झाली. घाबरलेली दोन पोरंही तेवढ्यात हसली.

खाली लाकडी फळीवर पेजेची वाटी तयार होती. फिदेन्सिया पाण्यात उतरून थांबली होती. वर जिन्यावर निम्मं गाव बघायला जमलं होतं. भगत होते, आणि हाताची घडी घालून पोर्फिरिओही होता. बाईंच्या हातात शाळेचा कागद होता, सही न केलेला.

एलिहिओने वाटी उचलली.

"थांबा काका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी अलगद त्याच्या हातातून घेतली. "चार रात्री विचार केला. नियमही मोडायला नको आणि कागदही. माझी आजी घरात माया भाषाच बोलायची. आज परवानगी मी मागते."

आणि त्यांनी ती मागितली, एकही शब्द न अडखळता. अकरा मुलांसाठी मागितली, फिदेन्सियासाठी मागितली, आणि एलिहिओ कानुलसाठीही मागितली.

वरून भगतांनी आरोळी दिली, "बाई जामीन! एलिहिओ मोकळा!"

टाळ्यांनी गुहा दणाणली. "तीस वर्षांनी रे बाबा!" कुणीतरी ओरडलं. पोर्फिरिओनेसुद्धा डोळे पुसले. कुणी एलिहिओची हॅट काढून घेतली, कुणी त्याच्या अंगात जाकीट चढवलं. बाईंनी कागदावर सही केली आणि तो हसऱ्या चेहऱ्याने त्याच्यासमोर धरला. एकामागून एक मुलं पाण्यात गेली. फिदेन्सियाने मात्र गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या उभ्या दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

एलिहिओ शेवटच्या पायरीवर आला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. समोर हासिंता बदकासारखी तरंगत त्याची वाट पाहत होती. तो वाकला, आणखी वाकला, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजला,

"पोरी, आधी हात हलवायचे की पाय?"