वटवाघळाची अंडी

मुख्याध्यापिकेने वही टेबलावर टाकली. तिसरीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची, गोष्टींची वही. बाई वारल्याला पंधरा दिवस झाले होते आणि त्यांची मुलगी ती वही न्यायला आली होती.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण वटवाघूळ अंडी घालतं? पानोपानी असलंच काहीतरी. शेवटी मीच बसून दुरुस्त केलं."

मुलीने वही उघडली. आईच्या निळ्या अक्षरांवर लाल रेघा होत्या.

"आई प्रत्येक गोष्टीत एक चूक मुद्दाम घालायची. मुलांनी ती पकडायची. तोच तर तिचा तास होता."

"मुद्दाम! तू तर तिचीच बाजू घेणार म्हणा. खोटं शिकवायचा पगार नाही देत आम्ही. वही शाळेतच राहील. चल, दाखवते. शुद्ध गोष्टीनंही पोरं शिकतात."

वर्गात त्यांनी स्वतः गोष्ट वाचली. वटवाघळाच्या मादीला पिल्लू झालं. तिने त्याला दूध पाजलं, मग उलटी लटकून झोपी गेली. पहिल्या ओळीपासून मुलं कान टवकारून बसली होती. गोष्ट संपली तशी एकमेकांकडे पाहू लागली.

"दूध पाजलं, ती चूक," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "पक्षी दूध पाजत नाहीत."

"वटवाघूळ पक्षी नाही. बस खाली."

"मग उलटं झोपणं?"

"तेही बरोबर आहे."

"मग चूक कुठंय?"

"चूक नाहीच. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही."

"असतेच," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला सापडली नसेल. आमच्या बाई गावाहून आल्या की त्यांनाच विचारू."

बाईंच्या मुलीने मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. "गावाहून?"

"लहान आहेत गं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "काय सांगणार त्यांना? तूही काही बोलू नकोस."

मुलीने त्यांच्या हातातून वही काढून घेतली आणि वर्गाकडे वळली.

"तुमच्या बाई गावाला गेल्या," ती गोष्ट सांगावी तसं म्हणाली. "आता त्या लवकरच परत येतील. यात एक चूक आहे. शोधा."

हात भराभर वर गेले. मग एकेक करून खाली आले.