लोंब्यांचं छत

संस्थान विलीन झालं त्या सालचा नाताळ. मिशनच्या चर्चमध्ये वामनने नव्या भाताच्या लोंब्यांचे झुबके लांब बांबूने खालूनच आढ्याला अडकवले.

"फुकटात छत सजलं. शिडी लावायला नको, वरून पडायचं भ्याव नको," तो बायकोला, रामीला म्हणाला.

खाली येशूबाळाच्या पाळण्यात त्यांचंच तान्हं निजवलं होतं.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. वर सळसळलं म्हणून रामीने हळूच पाहिलं. लोंबीला लटकून उंदीर दाणे खात होता. तिला हसू आलं. मग आढ्यावरून त्याच्या मागावर सरकणारा नाग दिसला.

नाग झेपावला. उंदीर निसटला, तो थेट बाळाच्या दुपट्यात पडला.

नागाने डोकं खाली सोडलं.