उणिवांचा रकाना

माणिकराव गेले आणि दुसरबीडच्या भीमगीतांच्या गायन पार्टीतला कार्यक्रम ठरवणारा, गाडी बघणारा आणि गाणाराही एकाच वेळी कमी झाला. त्यांची मुलगी धम्मशीला पुण्यात कला व्यवस्थापन शिकत होती. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिने मोठं नाट्यगृह सोडून हीच पार्टी निवडली. कार्यक्रम तिने नेटाने लावले, पण गळ्यात सूर नव्हता. वडिलांची जागा आपल्याला पेलत नाही, हे तिला गावोगावी टोचत राहिलं.

शेवटच्या दिवशी तिने कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म ढोलकीवाल्या प्रसेनजितकाकांपुढे ठेवला.

"काका, उणिवाही लिहा. तो रकाना रिकामा चालत नाही."

"लय हायेत पोरी. बस."

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ लिहीत राहिले. आता गाण्याचंच येणार, म्हणून तिने मान खाली घातली.

कागद हाती आला. उणिवांच्या रकान्यात लिहिलं होतं : 'पार्टीतले सगळे जेवल्याबिगर जेवत नाही. बापाले सांगू सांगू थकलो, आता हिले सांगून राह्यलो.'