खाडीवरची हवा

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या फोटोंनंतर रसायन कारखान्याचे मालक निरंजन कोरगावकर हसत तिथल्या हवा सोडलेल्या बंद खोलीत शिरले. हर्षला मेहेर विद्यापीठात माध्यमशास्त्र शिकवायची आणि यंत्रात साठवलेल्या जुन्या हवेची प्रदर्शनं भरवायची. तिचा नियम असा, की हवा कुठली ते आधी सांगायचं नाही. बाहेर आलेल्याने काय जाणवलं ते वहीत लिहून सही करायची, मगच ठिकाण आणि तारीख लिहिलेल्या पाटीवरचा कागद काढायचा.

दोन मिनिटांत कोरगावकर नाकाला रुमाल लावून बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“ही काय घाण आहे, मॅडम?”

“वहीत लिहा ना, साहेब.”

त्यांनी जाणकाराच्या तोऱ्यात लिहिलं, ‘क्लोरीन. शंकाच नाही.’ खाली झोकदार सही ठोकली.

हर्षलाने पाटीवरचा कागद काढला. त्यांच्याच कारखान्यामागची खाडी आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख. त्या सकाळी तिथे कालवं काढताना तिच्या आईचे डोळे गेले होते. हवा स्वच्छ होती, असं कोरगावकरांनी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. त्या सकाळची हवा यंत्राने साठवली होती, पण यंत्राचा पुरावा कोर्टाने मानला नव्हता, माणसाची साक्ष मागितली होती.

कोरगावकरांचा हात वहीकडे गेला. तिने ती आधीच मिटून छातीशी धरली होती.

“सोमवारी आईच्या अपिलाची सुनावणी आहे,” ती म्हणाली. “आणि साहेब, आत मी त्या हवेचा दहावा हिस्साच सोडला होता. आईला पूर्ण मिळाली होती.”